आपल्यातले

"एवढी रांग? अन् ती बी मटणासाठी?" गाडीतून उतरता उतरता दादा माझ्या कानाशी म्हणाले. "मला वाटलं रॉकेल आलंय."

हळू म्हणाले, पण पुढच्या गाडीतून उतरणाऱ्या जगतापकाकांनी ऐकलंच. ते खो खो हसले, धैर्यशील हसला, शैलजाकाकूही हसल्या. दादा अमेरिकेत आल्यापासून त्यांनी केलेला हा पहिलाच विनोद होता, त्यामुळे मला जरा हायसं वाटलं.

टेक्सासमधल्या त्या गावात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि हे पत्र्याच्या छपराचं बार्बेक्यूचं दुकान. शनिवारी सकाळपासूनच त्याच्यापुढे लांबलांबची माणसं येऊन उभी राहायची. मागच्या आवारात लाकडांच्या थप्प्या होत्या आणि विटांच्या बुटक्या भट्ट्यांतून धूर येत होता. मटण रात्रभर त्या धुरात ठेवतात आणि संपलं की दुकान बंद करून घरी जातात, असं काकांनी गाडीत बसायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. मी ऑस्टिनमध्ये बरीच वर्षं नोकरी करत होते, पण इथं कधी आले नव्हते. आम्हाला आणलं होतं काकांनी, होणाऱ्या व्याह्यांना खरं टेक्सास दाखवायला. जेवण झालं की त्यांच्या घरी जाऊन लग्नाची तारीख काढायची, असं ठरलं होतं.

उदयसिंह जगताप हे मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणीच इथं आले आणि आता डोक्यावर रुंद काठाची टोपी, पायात टोकदार बूट असे फिरायचे. धैर्यशील त्यांचा एकुलता एक मुलगा. तो आणि मी एकाच कंपनीत होतो. आम्ही बौद्ध आणि जगताप मराठा, हे मी त्याला ओळख झाल्यावर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, कारण लपवायचं मला काही कारणच नव्हतं. तो म्हणाला, "मग काय?" लग्नाचं ठरलं तेव्हा मी पुन्हा विचारलं, घरी सांगितलंस का? तो म्हणाला, घरी सगळं माहीत आहे, आमच्याकडे असलं काही नसतं.

दादांची मात्र खात्री पटत नव्हती. दादा म्हणजे माझे वडील, भानुदास थोरात, एस.टी.च्या बीड आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. फोनवर दर वेळी ते विचारायचे, "रत्ने, त्यांना माहीत हाय ना? आडनावावरून घोळ होतो बघ. थोरात त्यांच्यातही असत्यात." मी म्हणायचे, हो दादा, माहीत आहे. मग ते "बरं" म्हणायचे, पण त्या बरं म्हणण्यात काही बरं नसायचं. इथं आल्यावरही जगतापांच्या सोफ्यावर ते अगदी कडेला बसत होते, कोणीतरी येऊन उठा म्हणेल असे. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, आणि बोलणं पुस्तकातलं.

रांग हळूहळू सरकत होती आणि काकांना चेव चढला होता.

"हे बघा थोरातसाहेब, इथं सॉस मागायचा नाही. त्यांना अपमान वाटतो. प्लेट नाही, काटा-चमचा नाही. कागदावर वाढतात आणि हातानं खायचं. अगदी आपल्यासारखं!"

"हो का," दादा म्हणाले. "आणि असतं काय काय, साहेब?"

"मुख्य म्हणजे ब्रिस्केट." काकांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली. "हा भाग. छातीचा."

"कुणाच्या छातीचा?"

"बीफ हो! दुसऱ्या कुणाच्या?"

दादांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "म्हणजे… मोठ्याचं?"

आमच्याकडे त्या मटणाला मोठ्याचं म्हणतात, आणि म्हणायचं ते असंच, हळू आवाजात. काका मात्र रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "हो हो, मोठ्याचं! महिन्यातनं दोनदा येतो आम्ही. तुम्हाला चालतं ना? नाहीतर टर्की आहे."

"चालतं की. पण… ताईंना?"

"शैलजाला? तिला तर चरबीचा तुकडा लागतो."

"काहीतरीच काय सांगता हो," काकू लाजून म्हणाल्या.

दादा एकदम बदलले. मी बघत होते. त्यांनी गळ्याचं बटण काढलं, खांदे सैल सोडले आणि माझं कोपर धरून मला दोन पावलं बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा फुलला होता.

"रत्ने, आधी का न्हाई सांगितलंस?"

"काय?"

"हे आपल्यातलेच हायेत म्हणून! जगताप आपल्यातही असत्यात की. अन् म्या येडा, उगाच जिवाला घोर लावून घेतला."

"अहो दादा, तसं नाही. ते लोक—"

तेवढ्यात दार उघडलं, रांग आत सरकली आणि काकूंनी आम्हाला हाक मारली. मग मीही विचार केला, आपलं त्यांना माहीत आहे. त्यांच्याबद्दल दादांचा गैरसमज झाला तर काय बिघडलं? परत जाताना गाडीत सांगू. इतक्या दिवसांनी माणूस मोकळा श्वास घेत होता, तो मला रोखवेना.

आत धुरानं भिंती काळ्या पडल्या होत्या. लाकडी ओट्यामागे एक आडदांड माणूस लांब सुरीनं मटणाच्या चकत्या करत होता, वजनकाट्यावर टाकत होता आणि जाड तपकिरी कागदावर ढकलत होता. सोबत पांढरा पाव, कच्चा कांदा आणि काकडीचं लोणचं. त्याच्या डोक्यावर एका लोखंडी दांडीला वाळलेल्या मटणाच्या काळपट पट्ट्या लटकत होत्या.

दादांची नजर तिथं गेली आणि ते थांबलेच.

"चान्या!" परक्या गावच्या स्टँडवर ओळखीचं माणूस भेटावं तसे ते ओरडले. "रत्ने, चान्या बघ! आरं तिच्या मारी, इथं बी?"

"ते जर्की," काका म्हणाले. "खाणार? घेऊ की." आणि त्यांनी मोठं पुडकं बांधून घेतलं.

लांब बाकांवर आम्ही समोरासमोर बसलो. एका बाजूला जगताप नवरा-बायको, दुसऱ्या बाजूला दादा, मी आणि माझ्या पलीकडे धैर्यशील. दादांनी बुक्कीनं कांदा फोडला. ब्रिस्केटची चकती पावात घालून खाल्ली आणि लई मऊ हाय म्हणाले. काकांना साहेब म्हणणं आता बंद झालं होतं. पाव्हणं, हे घ्या, पाव्हणं, ते घ्या, असं चाललं होतं. काकाही खूश होते. होणाऱ्या सासऱ्यांना जेवण आवडलं म्हणून धैर्यशीलही खूश होता. मला वाटलं, चला, जमलं.

मग दादांनी पुडक्यातली एक पट्टी काढली आणि धड असलेल्या दाढेच्या बाजूनं चावायला घेतली. चावता चावता त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काय म्हणालात तुम्ही ह्याला मघाशी?" काकांनी विचारलं. "चाण्या?"

"चान्या. मटण जास्तीचं आलं की एका दिसात किती खाणार? मग माझी माय त्याच्या लांब लांब पट्ट्या कापायची. मीठ लावून अंगणात दोरीवर वाळू घालायची. आमी पोरं काठ्या घेऊन कावळे हाकलत बसायचो. वाळलं की गाडग्यात भरून ठेवायची. पावसाळ्यात काम नसलं, घरात काय नसलं, की चार तुकडे काढायचे, इस्तवावर भाजायचे, अन् जवारीच्या भाकरीसंगं…" ते थांबले. "घर भरून वास सुटायचा, पाव्हणं. आज इतक्या वर्षांनी तोच वास आला. माय आठवली."

दादा आपल्या लहानपणाविषयी कधी बोलत नसत. आजीबद्दल एवढं सलग मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यामुळे मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, समोर माझं लक्षच नव्हतं.

"तुमच्यात काय म्हणत्यात ह्याला?" दादांनी विचारलं.

"आमच्या साताऱ्याकडे नाही बुवा असलं काही," काका म्हणाले. त्यांना अजून काहीच कळलं नव्हतं.

"नसणारच," काकू म्हणाल्या.

त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि कागदी रुमालानं एकेक बोट पुसायला सुरुवात केली. "माझं माहेर उदगीरकडचं. चान्या म्हणजे काय ते मला माहीत आहे. कुणाच्या अंगणात वाळतात तेही माहीत आहे." मग मुलाकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "धैर्या, तू तर म्हणाला होतास, बीडचे थोरात."

"आहेतच ना बीडचे," धैर्यशील म्हणाला. तो लोणच्याची काकडी कागदावर इकडून तिकडे सरकवत होता.

काकूंच्या पुढ्यात त्याच जनावराचं चांगलं पावशेर मटण पडलं होतं. ते ब्रिस्केट होतं, म्हणून चालत होतं.

दादांनी काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे, मग माझ्याकडे. मी धैर्यशीलकडे बघत होते आणि तो वर बघायला तयार नव्हता. दादांना सगळं कळलं. माझ्या आधी कळलं. त्यांनी हातातली पट्टी पुडक्यात परत टाकली आणि ते हसले. असलं हसणं मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"छे छे, ताई," ते म्हणाले. पुन्हा ती पुस्तकातली भाषा आली होती. "आमच्यात कुठलं हे? आमच्याकडे कामाला एक बाई होती. आम्ही मुलं तिला मायच म्हणायचो, म्हणून तसं तोंडात आलं. तिच्या घरी वाळत असायचं. खाली, महारवाड्यात. आम्ही शाळेत जाता-येता बघायचो. नाक दाबून पळायचो."

आमच्या घरात त्या नावाला बंदी होती. शाळेत असताना मी एकदा आमच्या वस्तीचं ते जुनं नाव सहज बोलून गेले, तर दादांनी माझ्या थोबाडीत मारली होती. आयुष्यात तेवढी एकदाच. भीमनगर म्हणायचं, म्हणाले होते. आणि आता तेच नाव ते असं बोलले होते, जसं गावातली माणसं बोलतात. स्वतःच्या आईला त्यांनी मोलकरीण करून टाकलं होतं, सगळ्यांच्या देखत, हसत हसत.

"तेच म्हटलं!" काका मोठ्यानं म्हणाले. "बीडचे थोरात म्हणजे आपल्यातलेच. शैलजा, तू पण ना!"

"नाही हो, मला आपलं क्षणभर वाटलं…" काकू हसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी पावाचा तुकडा दादांच्या पुढे सरकवला. "घ्या ना. काहीच खाल्लं नाहीत तुम्ही."

"बास झालं. हे वाळलेलं तर मला बघवतसुद्धा नाही," दादा म्हणाले आणि त्यांनी पुडकं लांब ढकललं.

टेबलाखाली धैर्यशीलनं माझा हात धरला आणि हलकेच दाबला. त्याचा हात घामानं चिंब झाला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत माझ्या वडिलांबद्दल अपार कृतज्ञता होती. वाचलो, असं तो मला न बोलता सांगत होता. आणि मी पण वाचले, असं तो धरून चालला होता. मला त्या क्षणी त्याची इतकी किळस आली की हात ओढून घ्यायलाही मला वेळ लागला.

"आमच्याकडे कामाला कुणी बाई नव्हती, काकू," मी म्हणाले.

"रत्ने, गप," दादा म्हणाले.

"माझी आजीच लोकांच्या शेतात कामाला जायची. चान्या तीच वाळवायची. तिची दोरी दादांनी सांगितली तशीच असणार, कारण कावळे तेच हाकलत होते. आम्ही बौद्ध आहोत. दादा त्याच वस्तीत जन्मले, मीही तिथंच जन्मले. धैर्यशीलला हे पहिल्यापासून माहीत आहे."

काकांनी टोपी काढून बाकावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"हे बघ बेटा," ते शेवटी म्हणाले, "आमचं जातीचं काही नाही. तू बघतेसच, आम्ही इथं काय खातोय ते. पण लपवायला नको होतं. हा विश्वासाचा प्रश्न आहे."

"लपवलं कुणी, काका?"

आता सगळे धैर्यशीलकडे बघायला लागले. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव, त्याला तो बिचारा काय करणार!

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "लग्न झाल्यावर. एकदा झालं की कोण काय करणार होतं?" मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "तुला काय गरज होती बोलायची? अंकलनी किती छान सांभाळून घेतलं होतं."

"इथं तमाशा नको," काकू म्हणाल्या. "लोक बघतायत."

लोक काही बघत नव्हते. लोक आपापल्या कागदावर वाकून खात होते. त्या सबंध दुकानात आमच्याशिवाय मराठी कुणाला येत नव्हतं.

काका उठले. "तारखेचं आपण… फोनवर बोलू," म्हणाले. दादाही धडपडत उठले. त्यांनी दोन्ही हात जोडले. त्यांच्या बोटांना मटणाची चरबी लागलेली होती.

"चुकलं, साहेब. पोरगी हाय, रागात काहीतरी बोलली. मनावर घेऊ नका."

"दादा, हात खाली घ्या," मी म्हणाले. त्यांनी घेतले नाहीत. जगताप नवरा-बायको दाराबाहेर जाईपर्यंत ते तसेच उभे होते.

बाहेर धैर्यशील दोन गाड्यांच्या मध्ये थोडा वेळ उभा राहिला. मग जाऊन आईवडिलांच्या गाडीत मागच्या सीटवर बसला. त्यांची गाडी आधी निघाली.

आमच्या गाडीत दादा खिडकीकडे तोंड करून बसले होते. दोन्ही बाजूंना कुरणं होती आणि त्यात गुरं चरत होती. मला वाटलं, ते रडतायत. बघितलं तर ते रागावले होते.

"म्या मिटवलं व्हतं," ते म्हणाले. "हसाया लागली व्हती ती. पाव बी पुढं सरकवला बाईनं. तू कशाला मधी पडलीस?"

"तुम्ही आजीला मोलकरीण केलंत, दादा."

"केलं."

"ते नाव घेतलंत. त्याच नावासाठी मला मारलं होतंत."

"तुला मारलं, कारण तुझ्या तोंडी ते बसाया नको व्हतं."

मला पुढचा रस्ता दिसेना. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. लग्न मोडलं म्हणून नाही, ते मी टेबलावरच सोडून आले होते. माझ्यासाठी दादा आयुष्यात पहिल्यांदा असे वाकले, आणि निदान ते खोटं तरी मी तसंच राहू दिलं नाही, असं मला वाटत होतं. तसं मी म्हणालेही. "तुम्हाला असं वाकलेलं मला बघवलं नाही," म्हणाले.

दादांनी पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

"तुला काय वाटलं, म्या आज पहिल्यांदा बोललो तसं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"औरंगाबादला तुला कॉलेजात घातलं, तवा खोली कशी मिळाली तुला?"

"मावशींकडे," मी म्हणाले. मावशी म्हणजे घरमालकीण, त्यांच्याकडे मी पदवी होईपर्यंत राहिले होते. दर गुरुवारी त्या मला देवघरात बोलावून हातावर प्रसाद ठेवायच्या. सणाला आपल्या मुलींबरोबर पंगतीला बसवायच्या. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. जात न मानणारी माणसंही असतात, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहून वाटलं होतं, आणि पुढं धैर्यशीलवर विश्वास ठेवला तोही त्याच भरवशावर.

"लई दारं झाली त्या दिशी," दादा म्हणाले. "आडनाव इचारायचे, मग गाव, मग म्हणायचे खोली गेली. तू स्टँडवर बॅगा राखत बसली व्हतीस. त्या बाईनं बी आडनाव इचारलं. मग तीच म्हणली, थोरात म्हंजे आपल्यातलेच की."

ते समोर रस्त्याकडे बघत होते.

"म्या व्हय म्हणलं. अन् तू शिकलीस."